धुऱ्यावरून : लाइन कोणती?



रोवणी तोंडावर आली म्हणजे आमच्याकडे येणारी पत्रे खोडकिडा आणि युरिया यांचीच असतात. यंदा मात्र मोहाडीकडील एका भगिनींनी वेगळाच प्रश्न पाठवला आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. इंग्रजी शब्दकोशात ‘लाइन’ हा शब्द काढला तर अर्थांनी पान भरलेले. ‘एवढ्यातला खरा अर्थ कोणता?’ असे मुलीने विचारले, आणि आईने तो प्रश्न माझ्याकडे पाठवला.

हा शब्द आता इंग्रजी राहिला आहे का, अशीच मला शंका येते. सकाळपासून रात्रीपर्यंत तो आपल्या तोंडी किती वेळा येतो, हे मोजून पाहा. धान खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लाइनीत उभे असतात. वरठीवरून जाते ती हावड्याची लाइन. विहिरीपासून बांधीपर्यंत पाइपलाइन. पोरगा शिकून कोणत्या लाइनीत गेला, याची चौकशी तर सोयरीक जमवताना आधी होते. साकोलीच्या संशोधन केंद्रात गेलात तर तिथले शास्त्रज्ञ धानाच्या ‘लाइन’ दाखवतात. तिथे लाइन म्हणजे निवड करत करत वेगळी राखलेली वंशाची शाखा, जिला अजून वाण म्हणून नाव मिळालेले नाही. संकरित धानाच्या बियाण्याला तर अशा तीन लाइनी लागतात.

मराठीत या प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे. माणसांची रांग, अक्षरांची ओळ, कागदावरची रेघ, पेरणीचे तास, निंदणाऱ्या बाईने धरलेली पात, जेवणाऱ्यांची पंगत. रांगेत कोणी पेरत नाही आणि तासात कोणी जेवत नाही! इंग्रजांनी या साऱ्यांना एकाच दाव्याने बांधले. त्यांच्यातही एकमत नाही. दुकानापुढच्या रांगेला अमेरिकेचा माणूस ‘लाइन’ म्हणतो, तर इंग्लंडचा माणूस ‘क्यू’.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. या शब्दाचे मूळ आपल्या बांधीतच सापडते, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. जुन्या लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणत. जवसाचे शास्त्रीय नाव आजही लिनम याच शब्दाने सुरू होते. त्या झाडाच्या सालीतून निघणाऱ्या तंतूचा धागा वळत, तो धागा म्हणजे ‘लिनिआ’, आणि त्याचीच पुढे लाइन झाली. लिननचे कापड त्याच घरचे. कोटाच्या आत लावतात ते लाइनिंग, म्हणजे अस्तर, पूर्वी त्याच कापडाचे असे. गोसीखुर्दच्या कालव्याला सिमेंटचे लाइनिंग करतात, त्या शब्दाचा आजाही जवसच. धान कापणीला येण्याआधी ओलीवर लाखोरी आणि जवस फेकून आपण उतेरा करतो. आपण जवस तेलासाठी घेतो, युरोपात लोकांनी त्याचा धागाही केला, एवढाच फरक. तेव्हा बाई, मुलीला सांगा की लाइनचा पहिला अर्थ दोरी. गवंडी अजूनही ‘लाइनदोरी’ म्हणतो, तो दोन भाषांत एकच शब्द दोनदा बोलतो.

रोवणीला आपण दोरी धरतो तीही हीच. आणि या दोरीपाशीच माझ्या हातून एक चूक घडली आहे. आजवर ती लिहिली नव्हती.

मी मूळचा नगर जिल्ह्याचा. आमच्याकडे ‘लाइट’ जाते. भंडाऱ्यात ‘लाइन’ जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे कानावर पडत होते, पण जिभेवर बसले नव्हते. 2003 च्या जुलैत लाखनी तालुक्यातल्या एका गावी पट्टा पद्धतीचे प्रात्यक्षिक लावले होते. दहा ओळी रोवायच्या आणि अकरावी मोकळी सोडायची, म्हणजे हवा खेळते, तपकिरी तुडतुडे कमी राहतात आणि फवारणीला पाय ठेवायला जागा मिळते. बाया दोरीवर वाकून पऱ्हे रोवत होत्या. पलीकडे विहिरीवर घरचा मोठा मुलगा स्टार्टरचे झाकण काढून काहीतरी पाहत होता आणि त्याचा पुतण्या खोलीत मेन स्विचजवळ उभा होता. दहावी ओळ संपली तसा मी मोठ्याने ओरडलो, “झाल्या दहा! आता लाइन सोडा!”

पोराने स्विच वर केला.

मुलगा धुऱ्यावर फेकला गेला म्हणून वाचला. हात चिकटला असता तर काय झाले असते, ते लिहवत नाही. दोन बोटे भाजली. त्याला माझ्याच मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. त्याची आई रोवणीच्या ओळीतच होती. चिखलाचे हात तसेच घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “साहेब, तुमी कोनती लाइन मनत होते जी?” ती रागावली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून बांधीत मी ‘ओळ’च म्हणतो.

मोटारीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘लाइन गेली’ आणि ‘लाइन बंद केली’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. गेलेली लाइन सांगून येत नाही. स्टार्टर उघडण्याआधी मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट काढा आणि ते दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्याच खिशात ठेवावेत, पुतण्याच्या हाती नको. मग टेस्टर लावून पाहा. ओल्या पायांनी पेटीला हात लावू नका. खांबावरचे आणि डीपीवरचे काम लाइनमनचे, ते त्यालाच करू द्या. कोणी चिकटलाच तर त्याला धरायला धावू नका. आधी स्विच पाडा. ते जमण्यासारखे नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा.

मोहाडीच्या मुलीने आणखी एक शब्द विचारला होता, ‘डेडलाइन’. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या बंदीछावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. त्या हद्दीचे हे नाव. आता पीक विम्याच्या शेवटच्या तारखेलाही तेच म्हणतात.

2003 मधल्या त्या मुलाची आता स्वतःची मुले रोवणीला दोरी धरतात. मागच्या हंगामात त्याच गावी गेलो होतो. दहा ओळी झाल्या आणि मी तोंड उघडणार, तोच तो विहिरीवरून ओरडला, “थांबा जी साहेब!” आणि खिशावर हात मारून किटकॅट वाजवून दाखवले.