वचन अख्खे वाचा

स्तंभ : वचन आणि वाट

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आपल्या अनेक मंडळ्यांत नव्या वर्षाच्या वचनाची कार्डे वाटतात. सांगली, मिरज, सातारा, वाई, कुठेही जा, विश्वासणाऱ्यांच्या घरात भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर असे एखादे कार्ड दिसतेच. त्यात सगळ्यांत लाडके वचन यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे. परमेश्वराच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि तो आपल्याला आशा देतो, असा त्याचा आशय. वचन खरे आहे. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच ते एकटे तोडून वाचू नये, असे मला आज कळकळीने सांगायचे आहे.

हे वचन एका पत्रातले आहे. नबुखद्नेस्सराने यखन्या राजासह हजारो लोक बाबेलला धरून नेले. घरदार, शेत, मंदिर सगळे मागे राहिले. त्या लोकांना यरुशलेमेहून यिर्मयाने हे पत्र धाडले. त्यात आधी काय आहे? घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा. ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. खोट्या संदेष्ट्यांच्या नादी लागू नका. मग येते ती मुदत : सत्तर वर्षे. त्यानंतर ते ११वे वचन. पत्र हाती पडले तेव्हा जो चाळिशीचा होता, त्याला परतीचा दिवस दिसणार नव्हता. संकल्प हिताचाच होता, पण तो पुरा होताना नातवंडे पाहणार होती.

याच्या आदल्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा आहे. यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू त्याने लोकांसमोर मोडले आणि दोन वर्षांत सगळे परत येईल असे परमेश्वराच्या नावाने सांगितले. लोकांना काय आवडले असेल, हे सांगायला नको. दोन वर्षे ऐकायला गोड, सत्तर कडू. हनन्या त्याच वर्षी मेला, आणि यिर्मयाचा शब्द खरा ठरला. आजही सभांमधून हनन्याचा संदेश ऐकू येतो : या महिन्यात कर्ज फिटेल, या वर्षी घर होईल, फक्त वचनावर हक्क सांगा. असे सांगणारा पुष्कळदा २९व्या अध्यायाचे ११वे वचनच हाती घेतो आणि त्याच्या वरचे १०वे गाळतो.

शास्त्राचा प्रत्येक शब्द देवाच्या प्रेरणेने लिहिला गेला, असे आपण मानतो. मग तेच मानणाऱ्यांनी दहावे वचन गाळून अकरावे कसे घ्यावे? सातबाऱ्याचा अर्धाच उतारा पाहून आपल्याकडे कोणी जमीन घेत नाही. बोजा कुठे आहे, इतर हक्कात कोण आहे, हे शेवटपर्यंत वाचतो. देवाच्या वचनाला आपण त्याहून कमी जपायचे का?

वचन तोडून वापरण्याचा धडा शास्त्रानेच दिला आहे, आणि तो कोणी वापरला हेही सांगितले आहे. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि ९१व्या स्तोत्राचा आधार देऊन खाली उडी टाकायला सांगतो. आधार खरा होता, वापर खोटा. प्रभूने ते स्तोत्र नाकारले नाही. त्याने अनुवाद या पुस्तकातले दुसरे एक वचन पुढे ठेवले : परमेश्वराची परीक्षा पाहू नये. शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावायचा, ही रीत आपल्याला प्रभूने स्वतः घालून दिली आहे.

हे मी आपल्याच भागासाठी का लिहितो, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या दिवसांत यशयाच्या ४३व्या अध्यायातले दुसरे वचन मोबाइलवर घरोघर फिरले : पाण्यातून चालताना परमेश्वर तुझ्याबरोबर असेल, नद्या तुला बुडवणार नाहीत. पाणी ओसरल्यावर मात्र चिखलाने भरलेल्या घरात उभे राहून काहींनी विचारले, वचन होते, मग घर का गेले? आणि काहींनी त्यांना उत्तर दिले की, तुमचा विश्वास कमी पडला.

हे उत्तर शास्त्राचे नाही, ईयोबाच्या मित्रांचे आहे. यशयाने पाणी येणारच नाही असे कुठे म्हटले आहे? पाण्यातून जावे लागेल हे त्याने धरलेलेच आहे. अभिवचन आहे ते सोबतीचे. शिवाय ४२वा अध्याय संपतो तो इस्राएलाच्या पापावर आणि त्याला झालेल्या शिक्षेवर. लगेच ४३वा सुरू होतो आणि त्याच लोकांना परमेश्वर म्हणतो, भिऊ नका, मी तुम्हाला सोडवले आहे. एवढी मोठी कृपा केवळ दुसरे वचन वाचणाऱ्याला दिसतच नाही. आणि पूरग्रस्ताच्या पापाचा हिशेब मांडायला निघालेल्यांनी लूकचा १३वा अध्याय उघडावा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू सांगतो, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो.

कृष्णाकाठी पूर, तर माण, खटाव, आटपाडी, जतकडे दुष्काळ. तिथल्या मंडळ्यांसाठी हबक्कूकाचा ३रा अध्याय आहे. झाडाला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो म्हणतो. ज्यांनी आपली जनावरे चारा छावणीत नेऊन बांधली आहेत, त्यांना रिकामा गोठा समजावून सांगावा लागत नाही. पण हबक्कूक पहिल्या अध्यायापासून वाचा. परमेश्वरा, किती वेळ हाका मारू, या तक्रारीने तो सुरुवात करतो. तक्रार, मग पहाऱ्यावर उभे राहून उत्तराची वाट पाहणे, आणि मग स्तुती. तिसऱ्या अध्यायातला आनंद त्याला त्या वाटेने मिळाला.

अख्खे वाचल्याने काय होते याचा पुरावा मराठी ख्रिस्ती मंडळीजवळ आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली. ते वाचत वाचत मत्तयापर्यंत आले, आणि ५ ते ७ या अध्यायांतल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यांच्या काही मतांशी आपल्यातल्या अनेकांचे जुळणार नाही. पण शत्रूवर प्रीती करा, उद्याची चिंता करू नका, हे अध्याय भिंतीवर लावायचे नसून त्यांप्रमाणे चालायचे आहे, हे त्यांना कळले होते.

आणि बाबेलच्या पत्रातले ७वे वचन, नगराचे हित पाहण्याचे? ते मिरजेत जगलेले आपण पाहिले आहे. १८८९मध्ये भारतात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. आजाऱ्याची जात आणि धर्म न पाहता तिथे उपचार झाले. वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, आणि त्या वस्तीने त्यांचे नाव आजही राखले आहे. ११वे वचन मागणाऱ्या आपण ७वे वचन पाळले का, हे आता आपल्याला विचारले पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातला गाळ काढायला आपण गेलो का? गावासाठी घरच्या प्रार्थनेत कधी नाव घेऊन विनंती केली का?

ही अभिवचने बाबेलच्या बंदिवानांना दिली, मग आपली नाहीत का? आहेत. देवाची सगळी अभिवचने ख्रिस्तामध्ये होय आहेत, असे पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो. ती आपल्याला ख्रिस्ताच्या द्वारे मिळतात, म्हणून ख्रिस्ताच्या रीतीनेच मिळतात : वधस्तंभ आधी, पुनरुत्थान नंतर. आपल्या सोयीने मुदत कमी करता येत नाही.

पाळकांना माझी विनंती आहे : या वर्षी वचनाचे कार्ड द्याल तेव्हा त्यावर संपूर्ण अध्यायाचा आकडा छापा, आणि जानेवारीत तो अध्याय मंडळीपुढे वाचून उलगडा. नहेम्याच्या ८व्या अध्यायात लेव्यांनी लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवले आणि अर्थ समजावला, तेव्हा लोक आधी रडले आणि मग आनंदाने सण करायला गेले. वाचकांनो, तुम्ही याच आठवड्यात घरच्या प्रार्थनेत यिर्मयाचे २८ आणि २९ हे दोन अध्याय मोठ्याने वाचा. कोणाला, केव्हा, कशासाठी लिहिले हे मुलांना विचारा. आणि ११व्या वचनावर आमेन म्हणण्याआधी ७व्या वचनातले एक काम ठरवून ते रविवारच्या आत करा.