सौर धोरणातील कच्चे सांधे

सौर सेलच्या मंजूर उत्पादकांची यादी १ जून २०२६ पासून लागू करण्याचा निर्णय केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला, तेव्हा चर्चा झाली ती किती गिगावॅटचे कारखाने वेळेत उभे राहतील याचीच. ती आवश्यकच होती. परंतु सिलिकॉनची शर्यत चीनने केव्हाच जिंकली आहे. पुढची शर्यत पेरोव्स्काइटची असून तिचा निकाल काही नॅनोमीटर जाडीच्या थरांत लागेल, असे मला वाटते.

जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये बनवलेल्या पेरोव्स्काइट सेलची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांपुढे गेली आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेल्या जोडसेलने तर २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीत ३४.६ टक्क्यांचा विक्रम केला. तरीही गळती आहेच. १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपच्या पेरोव्स्काइटपासून तत्त्वतः सुमारे १.३ व्होल्ट मिळावेत. अनेक सेल १.१ च्या आसपासच अडतात.

ही गळती होते कुठे? जर्मनीतील पोट्सडाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा छडा लावला, तो पाहण्याजोगा आहे. पेरोव्स्काइटवर प्रकाश टाकला की ते स्वतःही मंद उजळते, आणि त्या उजेडावरून मिळू शकणाऱ्या व्होल्टेजचा अंदाज बांधता येतो. उजेड दहापट मंदावला, तर सुमारे ६० मिलिव्होल्ट गेले. आधी नुसता पेरोव्स्काइटचा थर मोजला, मग वीज वाहून नेणारे थर एकेक करून त्याला जोडले. उजेड मावळला तो या सांध्यांपाशी, विशेषतः फुलरीनच्या थराला लागून. तिथे धन आणि ऋण भार वीज न देताच एकमेकांत विरतात. त्यांनी फुलरीनच्या बाजूला जेमतेम नॅनोमीटरभर लिथियम फ्लोराइड आणि दुसऱ्या बाजूला एका बहुवारिकाचा पातळ थर घातला. एक चौरस सेंटिमीटरच्या सेलने २० टक्के गाठले. बाकी काही न बदलता शंभर मिलिव्होल्ट वाचले, तर तेवढ्याच जमिनीवर सुमारे नऊ टक्के अधिक वीज मिळते.

भारताने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेच्या दोन टप्प्यांत सौर मॉड्यूलसाठी २४,००० कोटी रुपये ठेवले. त्यात कार्यक्षमतेचा विचार होता, हे मान्य. तरी पैसा मिळतो तो तयार माल विकल्यावर. सांधा कुठे गळतो हे शोधणाऱ्याला त्यात जागा नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून केंद्राच्या साहाय्याने चालणारे राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र आहे. पण एका केंद्राने देशभरच्या नवउद्योगांचे नमुने तपासावेत ही अपेक्षा अवाजवी ठरेल.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण उष्णता आणि दमटपणा याच सांध्यांवर आघात करतात. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेतील हजार तासांची प्रमाणित कसोटी गरजेची आहे, पण ती जैसलमेरच्या उन्हाची किंवा चेन्नईच्या खाऱ्या हवेची जागा घेऊ शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. प्रयोगशाळेतून काहीसे पुढे आलेले तंत्रज्ञान तिच्या कक्षेत येते. सांध्यांची मोजणी करून देणारी सामायिक केंद्रे आणि निरनिराळ्या हवामानांत वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवलेल्या सेलच्या नोंदी यांवर तिचा अल्पसा वाटा खर्च व्हावा, आणि अपयशी नमुन्यांची माहितीही सर्वांसाठी खुली असावी, ही अट पहिल्याच अनुदानपत्रात घालता येईल.