मिरचीची पारख केवळ तिखटपणावर नको

मिरचीची पारख जिभेवर करावयाची, ही जुनी रीत आहे. जी अधिक झोंबते ती चांगली, असा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी बांधला जातो. बियाणे निवडताना त्याखेरीज फार तर उत्पन्नाचा विचार होतो. हा ठोकताळा अपुरा आहे. मिरचीत आरोग्यास उपकारक अशी अनेक द्रव्ये असतात. ती सर्व जातींत सारखी नसतात, आणि एक वाढले म्हणजे दुसरेही वाढते असे नाही.

तिखटपणा येतो तो मुख्यतः कॅप्सायसिन या द्रव्यामुळे. ते बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यात तयार होते. सांधेदुखीवर चोळावयाच्या काही मलमांत त्याचा उपयोग करतात. तिखटपणा मोजण्याची पद्धत अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली बसविली. त्या मापाने आसामकडील भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर भरली व २००७ साली जगात सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेली. उलट कर्नाटकातील ब्याडगी अगदी सौम्य; परंतु लाल रंगात तिची बरोबरी करणाऱ्या जाती थोड्या.

हा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन या रंगद्रव्याचा. शरीरातील पेशींची झीज रोखण्यास अशी द्रव्ये साहाय्यक मानली जातात. तथापि कॅप्सँथिनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनत नाही. ते मिरचीतील कॅरोटीनपासून बनते. म्हणजे गडद लाली हीही सर्व गुणांची खूण नव्हे.

तिसरा गुण ‘क’ जीवनसत्त्वाचा. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व तेथील मिरचीतून विपुल प्रमाणात मिळविले. पुढे १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १०० ग्रॅम हिरव्या मिरचीत ते सुमारे १०० मिलिग्रॅम असते; जातीप्रमाणे कमीजास्त भरते. वाळवताना व शिजवताना त्याचा बराच नाश होतो. रोजच्या जेवणात मिरची थोडीच जाते, म्हणून तिच्यावर विसंबून भाज्या व फळे सोडणे चुकीचे. परंतु भाकरीबरोबर खाल्लेली कच्ची मिरची नुसते तोंडी लावणे नव्हे, हेही खरे.

यास्तव ग्रामसेवकाने जात सुचविण्यापूर्वी ‘मिरची कशासाठी?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हिरवी विकावयाची, तिखटासाठी वाळवावयाची, की रंगासाठी? बाजार वजन पाहतो, गुण पाहत नाही, असा आक्षेप शेतकरी घेतील. तो सर्वस्वी खरा नाही. ब्याडगीला नाव मिळाले ते रंगामुळे. २०११ साली तिला भौगोलिक निर्देशाचे संरक्षणही लाभले. गुण ओळखला गेला, म्हणजे त्याला गिऱ्हाईक मिळते.

मात्र गुण टिकविण्याची जबाबदारी उत्पादकावरच आहे. मिरचीत परपरागीकरण होते. दोन जाती शेजारी लावून त्यांतील बी धरल्यास पुढच्या पिकात भेसळ दिसते. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या जातीपासून किमान २०० मीटर अंतर राखण्याचा नियम त्यासाठीच आहे. संकरित वाणाचे घरचे बी धरणे तर व्यर्थच. भिवापुरी, संकेश्वरी यांसारख्या जुन्या जातींचे शुद्ध बी गावागावांतून राखले गेले नाही, तर त्यांचे गुण पुढे शोधूनही सापडणार नाहीत.

वाळवण हीही तितकीच मोलाची बाब. ओलसर जमिनीवर पसरलेल्या मिरचीवर बुरशी येते. तिच्यापासून उत्पन्न होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असते. स्वच्छ ताडपत्रीवर किंवा ओट्यावर पातळ थर द्यावा, रात्री झाकावे, आणि ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत पोती भरू नयेत. जातीने दिलेला गुण निष्काळजीपणाने खळ्यावर घालविणे, यापरता तोटा नाही.