वाचनातील घरचा उच्चार

चिनी माणूस साक्षर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो बोलतो एक आणि वाचतो दुसरे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. 2021 च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधील सुमारे 88 टक्के लोकांची नित्य व्यवहाराची भाषा कॅन्टोनीज आहे. शाळेतील पुस्तक मात्र मँडरिनवर आधारलेल्या प्रमाण चिनी भाषेत असते. ‘तो नव्हे’ हे सांगावयास मूल घरी ‘खॉय म् है’ म्हणते. पुस्तकात तोच अर्थ ते ‘था पत् सी’ असा वाचते. उच्चार घरचा, शब्द परके!

कॅन्टोनीज लिहिता येत नाही असे मुळीच नव्हे. जाहिराती, चित्रकथा आणि तरुणांचे मोबाईलवरील संदेश यांत ती सर्रास आढळते. 1999 मध्ये हाँगकाँग सरकारने संगणकासाठी जो पूरक अक्षरसंच प्रसिद्ध केला, त्यातही तिच्या खास अक्षरांना स्थान मिळाले. परंतु निबंधात तीच अक्षरे उतरली की ती चूक ठरतात. रस्त्यावर जे वाचता येते, ते वर्गात लिहिता येत नाही.

निदान वाचनाचा उच्चार तरी आजवर घरचा होता. 2008 पासून मात्र चिनी विषय मँडरिनमधून शिकविण्यासाठी शाळांना सरकारी साहाय्य देण्याची योजना सुरू झाली. जेथे हा मार्ग पत्करला गेला, तेथे तोही धागा तुटला.

गोमंतकीय वाचकांना हे कोडे अपरिचित नाही. घरी कोकणी बोलावी आणि पोथी, वृत्तपत्र मराठीतून वाचावे, ही येथील कित्येक हिंदू घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि आम्ही तिचे अभिमानी आहोत. पण देवळातल्या कीर्तनाने मराठी आधी आमच्या कानांत रुजली, म्हणूनच ती डोळ्यांना परकी वाटली नाही. आपुलकीने आलेली भाषा आपली होते. हुकुमाने आलेली होतेच असे नाही.

प्रमाण चिनी शिकवू नये, असे आम्ही म्हणणार नाही. शतकानुशतकांचे वाङ्मय तिच्यामुळे खुले होते. मात्र ती मुलांना त्यांच्याच उच्चारात वाचू द्यावी आणि घरचे शब्द लिहिणे हा अपराध मानू नये. साक्षर करताना ज्या मुलाला आईच्या बोलीची लाज शिकविली, त्याला शाळेने दिले किती आणि त्याच्याकडून घेतले किती, याचा हिशेब तेथील शिक्षणखात्याने एकदा मांडावयास हवा.