संशोधन जनतेचे, सातबारा कंपनीचा

अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने ८ डिसेंबर २०२३ रोजी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगावरील 'कॅसजेव्ही' नामक उपचारास मान्यता दिली. ब्रिटनने ती त्याआधी तीन आठवडे दिलेली होती. पेशीतील जनुकाला नेमक्या जागी कात्री लावून रोग आटोक्यात आणणारा हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार होय. चाचणीतील ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला, त्यांपैकी २९ जणांना सलग बारा महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. वैद्यकाच्या इतिहासात असे दिवस फार थोडे येतात. मात्र त्याच दिवशी किंमतही जाहीर झाली : एका रुग्णास २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक. त्याच दिवशी मान्यता मिळालेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या जनुक-उपचाराचे मोल ३१ लाख डॉलर ठरले.

ही किंमत कोणाला मोजायची आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या विजयोत्सवाचा अर्थ कळत नाही. हिमोग्लोबिनच्या घडणीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे व छाती असह्य दुखू लागते, प्लीहा निकामी होते आणि पुष्कळ मुले शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच जातात. एका जनकाकडून आलेला दोष मलेरियापासून काही संरक्षण देतो, म्हणून जेथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया नांदला तेथे हा दोष टिकून राहिला. आफ्रिका खंड, गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज आणि भारतातील आदिवासी पट्टा हे या रोगाचे खरे पत्ते आहेत. आपल्याकडे त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि नंदुरबार हे जिल्हे त्याने घेरलेले आहेत. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्याबरोबर विदर्भातील दलित वस्त्यांतही तो घरोघरी आहे. ज्याच्या घरात वर्षाचे धान्य पुरत नाही त्याच्यापुढे अठरा कोटींचे दरपत्रक ठेवण्यात आले आहे.

कंपन्यांचे वकील, आणि त्यांहून उत्साही असे त्यांचे भारतीय भाट, यावर एक ठरीव उत्तर देतात. संशोधनाला अफाट पैसा लागतो, धोका भांडवल पत्करते, तेव्हा फळही त्यानेच खावे. हे उत्तर कागदोपत्री तपासून पाहण्यासारखे आहे.

लहानग्यांना जन्मानंतरचे काही महिने हा रोग जाणवत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते, असे १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी ताडले. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचाच रोग असल्याचे दाखवून दिले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा नळ पुढे कोणते जनुक बंद करते, याचा उलगडा बॉस्टनमध्ये २००८ साली झाला व त्यामागे अमेरिकी करदात्यांचा पैसा होता. आता कात्रीचे पाहू. जिवाणूंच्या जनुकद्रव्यातील चमत्कारिक पुनरावृत्ती प्रथम १९८७ मध्ये ओसाका विद्यापीठात इशिनो यांना दिसली. स्पेनमधील आलिकांते विद्यापीठाचे फ्रान्सिस्को मोहिका हे मिठागरांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या नादी लागले होते. या संशोधनातून दमडीचा नफा होईल असे त्या काळी कोणत्याही भांडवलदाराला वाटले नसते. मोहिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने या पुनरावृत्तींचा पाठलाग केला, त्यांना 'क्रिस्पर' हे नाव दिले आणि ही जिवाणूंची विषाणूंविरुद्धची संरक्षणव्यवस्था असावी असा तर्क मांडला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, तो तर्क प्रयोगाने सिद्ध करण्याचा मान २००७ मध्ये दही बनविणाऱ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या शास्त्रज्ञांकडे जातो. २०१२ मध्ये डाउडना आणि शार्पेंतिए यांनी या व्यवस्थेची हुकमी कात्री बनविली. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा दोघीही सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांत होत्या.

म्हणजे नांगरणी, पेरणी आणि खुरपणी समाजाने केली, आणि खळ्यावर रास लागली तेव्हा सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला. कंपन्यांनी काहीच केले नाही असे नव्हे. रुग्णांवरील चाचण्या, पेशींवर प्रक्रिया करणारे कारखाने, सुरक्षिततेचे वर्षानुवर्षांचे पुरावे यांवर त्यांनी मोठा खर्च केला आहे. पण साखळीच्या शेवटच्या दोन कड्या जोडणाऱ्याने सबंध साखळीचे मोल वसूल करावे, हा कोणत्या अर्थशास्त्राचा न्याय? अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून निघालेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना आपल्या नावे घेता येऊ लागले. लोकांची गरज भागत नसेल तर सरकारने हस्तक्षेप करून इतरांना परवाना द्यावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. चार दशकांहून अधिक काळ लोटला तरी ती एकदाही वापरली गेलेली नाही. क्रिस्परच्या पेटंटावरून कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्यात मात्र दहा वर्षांहून अधिक काळ कज्जेदलाली चालली.

भांडवलाच्या हाती औषध गेले म्हणजे काय होते, याचा दाखला त्या ३१ लाख डॉलरवाल्या कंपनीनेच दिला आहे. थॅलॅसेमियावरील आपला जनुक-उपचार तिने युरोपात आणला, तेथील सरकारांशी किमतीचे जुळले नाही आणि २०२१ मध्ये तिने युरोप खंडच सोडला. उपचार निकामी ठरला नव्हता, रुग्ण संपले नव्हते. केवळ अपेक्षित भाव मिळेना, म्हणून जिवंत माणसांच्या समोरून औषध उचलून नेण्यात आले. २०२५ मध्ये ही कंपनी गुंतवणूकदार पेढ्यांनी विकत घेतली. ज्या कंपनीजवळ अमेरिकेत मान्यता पावलेले तीन जनुक-उपचार होते ती बाजारात टिकली नाही. तेव्हा अचाट किमतीमुळे संशोधन जगते, हा दावाही या हिशेबात बसत नाही.

संगणकाच्या क्षेत्रातील कथा निराळी नाही. प्रथिनाची साखळी कोणत्या आकारात घडी घालून बसते हे शोधण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षे खस्ता काढल्या. १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेल्या प्रथिन-कोशात पुढे दीड लाखाहून अधिक रचना जमल्या. प्रत्येक रचनेमागे कोणा विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे आहेत. हा कोश सर्वांना खुला होता, म्हणूनच गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड संस्थेला त्यावर आपले यंत्र शिकविता आले. २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड'ने जे करून दाखविले ते खरोखर अपूर्व होते, आणि त्या मंडळींनी पुढे वीस कोटींहून अधिक अनुमानित रचना जगाला फुकट दिल्या हेही खरे. पण मे २०२४ मध्ये औषधनिर्मितीला अधिक उपयुक्त अशी तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तिची संगणकीय संहिता झाकून ठेवण्यात आली. शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केल्यावर नोव्हेंबरात ती खुली झाली, तीही व्यापारी वापर वगळण्याच्या अटीवर. तोपर्यंत याच घराण्यातील औषधकंपनीचे दोन बड्या कंपन्यांशी करार होऊन गेले होते. विहीर गावाने खणली, पाणी लागल्यावर रहाट कोणी बसविला म्हणून विहिरीची मालकी त्याची होत नाही.

आता स्वदेशाकडे वळू. येथेही अभिमानास्पद असे काही घडत आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशी सुसज्ज करण्याचा उपचार विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास मान्यता मिळाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी लागतात ते येथे तीस-चाळीस लाखांत होऊ लागले. परदेशी किंमत ही काही निसर्गाने ठरविलेली नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले. परंतु सरकारी आरोग्य-विम्याची मर्यादा कुटुंबास वर्षाला पाच लाखांची, आणि उरलेले पंचवीस लाख गिरणगावातील किंवा मराठवाड्यातील माणसाने कोठून आणावेत?

सिकलसेलच्या बाबतीत तर केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील जनुकविज्ञान संस्थेने आपली स्वतःची कात्री घडविली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते तिचा समारंभ झाला. बिरसा मुंडांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षाचे औचित्य साधून तिला 'बिरसा १०१' हे नाव देण्यात आले आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. शास्त्रज्ञांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण जल, जंगल, जमीन यांवरील समाजाच्या हक्कासाठी लढून तुरुंगात मेलेल्या उलगुलानच्या नायकाचे नाव घेताना राज्यकर्त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे होते : या तंत्रज्ञानावर अंतिम हक्क कोणाचा, आणि औषधाचा भाव कोण ठरविणार? बिरसांचे नाव आदिवासींना आणि भाव ठरविण्याचा अधिकार कारखानदाराला, अशी वाटणी होणार असेल तर तो सन्मान नव्हे.

एकूण धोरणाची दिशा पाहता ही शंका अनाठायी ठरत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के रक्कम हा देश संशोधनावर खर्च करतो. विद्यापीठांतील तरुण संशोधक शिष्यवृत्तीच्या थकबाकीसाठी अर्ज-विनंत्या करीत असतात. याच सरकारने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन-निधीस मंजुरी दिली. तो प्रामुख्याने खाजगी क्षेत्राला दीर्घ मुदतीने, अल्प किंवा शून्य व्याजाने मिळावयाचा आहे. धोका जर जनतेच्या तिजोरीनेच उचलायचा, तर धोका पत्करल्याचे बक्षीस कंपनीला कशासाठी?

पूर्वी अशा प्रसंगी देशाजवळ पेटंट कायद्याचे हत्यार होते. १९७० च्या कायद्यामुळे भारतीय कारखाने निराळ्या प्रक्रियेने तीच औषधे बनवू शकले व एड्सची औषधे आफ्रिकेला स्वस्तात पोहोचली. २००५ नंतर हे हत्यार बोथट झाले. तरीही २०१२ मध्ये सक्तीच्या परवान्याने एका कर्करोगावरील औषधाची महिन्याची किंमत दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८८० रुपयांवर आली. परंतु जनुक-उपचार ही गोळी नव्हे. रुग्णाच्या मूलपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांवर कात्री चालवायची, जहाल औषधांनी त्याची अस्थिमज्जा रिकामी करायची आणि सुधारलेल्या पेशी परत सोडायच्या, असा हा महिनोन् महिन्यांचा व्याप आहे. पेटंट मोडीत काढले म्हणून तो कोणाला आपोआप साधणार नाही. त्याला कारखाना, रुग्णालय आणि तयार माणसे लागतात. ती सार्वजनिक क्षेत्रात असली तरच किमतीवर समाजाचा ताबा राहील.

येथे पिंपरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नफ्यासाठी नव्हे तर गरजेसाठी पेनिसिलिन बनवावे, म्हणून १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सिकलसेलच्या तान्ह्या मुलांना रोज पेनिसिलिन दिले तर जीवघेण्या संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटते, हे अमेरिकेतील एका चाचणीने १९८६ मध्ये दाखविले. गडचिरोलीच्या मुलाला जे औषध वाचवू शकते ते करणारा लोकांच्या मालकीचा कारखाना महाराष्ट्रातच होता. त्याला आजारी पाडण्यात आले, आणि पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी देश सुमारे तीन दशके चीनच्या दारात उभा राहिला. पुढे सरकारी प्रोत्साहन-योजनेचा आधार देऊन काकीनाड्याला एक खाजगी कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. परळच्या हाफकिन संस्थेची परंपरा तर एकोणिसाव्या शतकातील प्लेगच्या लसीपर्यंत जाते.

डाव्या चळवळीतील काहींची भूमिका अशी की, जनुकाच्या कात्र्या हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आदिवासींना आधी धान्य, रस्ता आणि प्राथमिक आरोग्य केंद्र द्या. ही भूमिका वरवर कळवळ्याची असली तरी तिच्यात गरिबाच्या वाट्याला कायम जुने, स्वस्त आणि दुय्यम तेच येणार हे गृहीत धरलेले आहे. माडिया मुलीला हायड्रॉक्सियुरियाची गोळी आज नियमित मिळावी आणि उद्या रोग कायमचा हटविणारा उपचारही मिळावा, या दोन्ही मागण्या एकाच हक्कातून निघतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींच्या आसपास तपासण्या झाल्या आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले. त्यांच्या हाती रंगीत कार्ड देऊन, विवाह जुळविताना ते पाहा असा उपदेश केला की निर्मूलन झाले, अशी जर सरकारी समजूत असेल तर ते निर्मूलन रोगाचे नव्हे, रोग्यांचे ठरेल. कार्ड हाती पडलेल्या मुलीचे लग्न मोडते, औषध मात्र तिच्या गावी पोहोचलेले नसते.

म्हणून आदिवासी संघटना, आरोग्य चळवळी व विद्यापीठांतील संशोधक यांनी मिळून काही गोष्टींचा आग्रह सरकारजवळ धरला पाहिजे. 'बिरसा १०१' च्या तंत्रज्ञान-हस्तांतर कराराच्या अटी संसदेपुढे शब्दशः ठेवल्या जाव्यात. रुग्णांवरील चाचण्या कोणत्या टप्प्यावर आहेत, याचा अहवाल ठराविक मुदतीने प्रसिद्ध व्हावा. किमतीवर कमाल मर्यादा असावी, आणि ती ओलांडल्यास तंत्रज्ञान परत घेऊन हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थेस देण्याचे कलम करारात असावे. पेशी-उपचाराचे एक केंद्र नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उभारावे, कारण भामरागडच्या रुग्णाला मुंबई ही परदेशाइतकीच दूर आहे. आणि तोवर प्रत्येक नवजात अर्भकाची तपासणी, पेनिसिलिन व हायड्रॉक्सियुरियाचा अखंड पुरवठा आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्ताची सोय यांचा हिशेब जिल्हावार जाहीर व्हावा. एक लाख कोटींच्या निधीतून या कामाला किती रुपये मिळणार, हा प्रश्न विधिमंडळात व संसदेत येत्या अधिवेशनातच विचारला जावा.