जाहीर आवाहन : कर्जाचा दर टाकताय, तर हिशेबही पुरता टाका

बँका आणि फायनान्स कंपन्यांची कर्जे मिळवून देणारे एजंट, गाड्यांच्या शोरूमचे आणि मोबाइल दुकानांचे मालक, पतसंस्थांचे संचालक व कर्मचारी, तसेच रील्समधून पैशांचे सल्ले देणारे तरुण मित्र, या सर्वांना हे आवाहन.

दसरा-दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक ठरावीक चित्र फिरू लागते. पिवळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात पणती, मधोमध ठसठशीत लाल अक्षरांत ‘व्याज फक्त १ टक्का’. खाली ‘१० मिनिटांत पैसे खात्यात’ आणि दोन मोबाइल नंबर. टक्क्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. तिचा खुलासा अगदी तळाला, इंग्रजीत, चित्र दोन बोटांनी ताणले तरी न वाचता येणारा. कर्ज नेमके कोण देणार, त्याचे नाव नाही. टक्का महिन्याचा की वर्षाचा, तेही नाही.

ही चित्रे टाकणारे बहुतेक जण आपल्याच गावातले, ओळखीचे आहेत. डिझाइन वरून तयार येते, आपण त्यावर आपला नंबर घालून पुढे पाठवतो. म्हणूनच ही विनंती थेट तुम्हाला करत आहोत.

हा एक टक्का प्रत्यक्षात केवढा असतो ते एकदा मांडून पाहा. १ लाख रुपये, १२ महिन्यांसाठी, महिना १ टक्का फ्लॅट. वर्षाचे व्याज १२ हजार, हप्ता साधारण ९,३३३ रुपये. गिऱ्हाईक दर महिन्याला मुद्दल फेडत असते, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावरच लागते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो. त्यात २ टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, असे २,३६० रुपये आधीच कापले, तर हातात येतात ९७,६४० रुपये. आता तोच दर २६ टक्क्यांपर्यंत पोचतो. विमा गळ्यात मारला असेल तर आणखी वर. ‘फक्त १ टक्का’ वाचून माणूस मनात १२ टक्के धरतो, आणि भरतो २६ टक्क्यांच्या हिशेबाने. चित्रातला एकही शब्द खोटा नसतो, तरी माणूस फसतो.

हा खरा आकडा काढायला कुणाला गणित शिकायला नको. तो कर्ज देणाऱ्याकडे तयारच असतो. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासोबत केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, देणे बंधनकारक झाले. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, सगळ्यांना. तो तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. त्यात एपीआर, म्हणजे फी आणि विम्यासह सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, लिहिलेला हवा. तक्त्यात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे वसूल करता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात तो वाचून विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

नियम चांगला आहे. पण आमच्या मते तो उशिरा भेटतो. केएफएस हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकाने गाडीचा रंग ठरवलेला असतो, पाडव्याचा मुहूर्त धरलेला असतो, घरी पेढे आलेले असतात. त्या घडीला २६ टक्के वाचून मागे फिरणारे फार थोडे. माणसाचे मन ठरते ते तुमच्या पोस्टवर. म्हणून एपीआर पोस्टवरच हवा, ही आमची मुख्य मागणी आहे.

आणि ही नुसती भलेपणाची गोष्ट नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेटही येते, आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. त्या वस्तूची वा सेवेची भलामण करणाराही त्यातून सुटत नाही. प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चांदणीचाही निकाल लागलेला आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात हवा, सहज दिसेल अशा जागी हवा, आणि दिशाभूल करणारा दावा खुलासा जोडून सावरता येत नाही. मराठी जाहिरातीखाली मुंगीएवढी इंग्रजी ओळ या नियमात कुठेच बसत नाही.

मोबाइल दुकानदारांसाठी एक वेगळा शब्द. ‘शून्य टक्के व्याज’ लिहून फाइल चार्ज घेणे, किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारणे, याला शून्य म्हणत नाहीत. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते.

पतसंस्थांचे मित्र म्हणतील, आम्ही रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, सहकार खात्याखाली येतो. बरोबर आहे. पण सभासद तुमचे शेजारी आहेत, वार्षिक सभेत समोर बसतात. त्यांना घटत्या शिलकीचा दर सांगायला परिपत्रक कशाला हवे?

रील्सवाल्यांना एवढेच : अमुक ॲपवरून कर्ज घ्या म्हणताना त्याचे पैसे किंवा कमिशन मिळत असेल, तर ते त्याच व्हिडिओत, मराठीत, स्पष्ट सांगा. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका.

मग पोस्ट कशी असावी? समजा अशी : ‘१ लाख रुपये, १२ महिने. हप्ता ९,३३३. फी वजा जाता हातात ९७,६४०. एकूण परतफेड १,१२,०००. सर्व खर्चांसह वार्षिक दर सुमारे २६ टक्के. कर्ज देणारी कंपनी अमुक, मी तिचा एजंट, मला कमिशन मिळते. तुमच्या सिबिल स्कोअरप्रमाणे दर बदलू शकतो.’ दर बदलता असेल तर तो कशाशी जोडला आहे ते लिहा, आणि पोस्टवर तारीख घाला. मागच्या दिवाळीचे दर या दिवाळीत अजून फिरत असतात. पणती ठेवा की, तिला कुणाची हरकत नाही. डिझाइन वरून आले असेल आणि त्यात हे नसेल, तर परत पाठवा आणि पूर्ण माहिती मागा. आकडे मिळाले नाहीत तर ती पोस्ट टाकू नका.

धंदा बसेल, अशी भीती काही जणांनी बोलून दाखवली आहे. काही गिऱ्हाइके जातील, हे खरे. पण हप्ता थकल्यावर वसुलीवाले ज्याच्या दारात जातात, तो माणूस त्यांच्या पाठोपाठ तुमचेच नाव घेतो. तुम्हाला त्याच बाजारपेठेत पुढची वीस वर्षे दुकान चालवायचे आहे.

नागरिकांनाही विनंती. ‘फक्त’, ‘पासून’ आणि चांदणी असलेली कर्जाची पोस्ट दिसली, की त्याखाली एकच प्रश्न टाका : ‘एपीआर किती आणि कर्ज देणार कोण?’ उत्तर आले नाही तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. केएफएस वाचल्याशिवाय सही करू नका, ओटीपीही देऊ नका, मग मुहूर्त टळला तरी चालेल.

आज रात्री स्टेटस टाकण्याआधी आपली पोस्ट एकदा तपासा, आणि जुनी अर्धवट पोस्ट असेल तर ती काढून टाका.