आधी कानस, मग लेथ

इगतपुरी हे रेल्वेचे गाव. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग येथे पोचला. कसाऱ्याकडून वर येताना दर ३७ मीटरला १ मीटर असा चढ लागतो. आजही अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनांचा रेटा द्यावा लागतो. अशा गावातल्या मुलामुलींना यंत्रांची ओढ वाटली तर नवल नाही.

पण घरी धातुकाम करू इच्छिणारा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो असा : "लेथ कितीला मिळेल?" माझे मत असे की, हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा. आधी एक व्हाइस, एक कानस, एक हॅक्सॉ, एक गुण्या आणि एक पोलादी पट्टी एवढेच घ्यावे.

कानस चालवणे म्हणजे नुसती घासाघीस, असे अनेकांना वाटते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून घासून पाहा. पृष्ठभाग सपाट होण्याऐवजी फुगीर होतो. असे का बरे व्हावे? कानस ही तुकड्यावर टेकलेली तरफच आहे. हात पुढे जाऊ लागतो तेव्हा मुठीकडची बाजू लांब असते. शेवटी टोकाकडची बाजू लांब होते. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला, तर कानस आधी मुठीकडे व मग टोकाकडे झुकते आणि कडाच अधिक झिजतात. म्हणून सुरुवातीला टोकावरच्या हाताचा दाब जास्त हवा, शेवटी मुठीवरच्या हाताचा. पुस्तकातला तरफेचा नियम असा मनगटात उतरतो.

आणि लेथ तरी प्रथम कसा घडला? इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ बनवला. सपाट पृष्ठभाग तेव्हा कानशीने घासून व खरवडून हातानेच साधावे लागत. मॉड्स्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० मध्ये सपाटपणाची एक सुंदर कसोटी मांडली. दोन पत्रे एकमेकांवर नीट बसले, तरी एक फुगीर व दुसरा खोलगट असू शकेल. पण तीन जाड पत्रे कोणत्याही जोडीने नीट बसले, तर तिन्ही सपाटच असले पाहिजेत!

कोणी म्हणेल, आता यंत्रे संगणकावर चालतात, मग हात कशाला काळे करायचे? पण १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा १० अंश सेल्सिअसने तापला की सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढतो. घासून गरम झालेला तुकडा लगेच मोजून जो एकदा फसला, तो संगणकाला सूचना देतानाही ही गोष्ट विसरणार नाही.

म्हणून प्रत्येक शाळेत निदान दोन व्हाइस असावेत आणि ते कुलपात नसावेत, असे मला वाटते. हात काळे झाले म्हणजे अभ्यास बुडाला, हा समज पालकांनी व शिक्षकांनीही सोडावा.

मित्रांनो, मूठ नसलेली कानस कधीही वापरू नका. तिचे टोक तळहातात घुसते. डोळ्यांवर चष्मा लावा. इगतपुरीच्या धो धो पावसात हत्यारांना तेलाचा हात द्यायला विसरू नका. आणि ५० मिलिमीटरचा एक चौरस तुकडा असा घासा, की गुण्या लावून उजेडासमोर धरल्यावर कोठेही फट दिसू नये. तो साधला की मग खुशाल लेथची किंमत विचारा.